कोंबड्यांनी खाल्लेली हद्द

भोकरवाडीच्या मारुतीच्या देवळावरचा भोंगा एरवी काकड्याला आणि कोणाची शेळी हरवली तरच बोलायचा. त्या दिवशी मात्र सकाळपासून त्यानं एकच धोशा लावला होता. उद्या गावठाणावरून ड्रोन फिरणार, सरकार वरून फोटो काढणार, तरी ज्यानं त्यानं आपापल्या घराची आणि मोकळ्या जागेची हद्द चुन्यानं आखून ठेवावी. नाही आखली तर पुढं ज्याचा तो जबाबदार.

शेताला सातबारा असतो हे अवसरी बुद्रुकपासून घाटघरपर्यंत शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पण गावठाणातल्या घराला काय असतं? घरपट्टीची पावती असते आणि शेजाऱ्याशी भांडण असतं. तिसरं काही नाही. आता म्हणे घराघराचा नकाशा होणार, मालमत्ता पत्रक मिळणार, त्यावर मालकाचं नाव येणार आणि त्यावर बँक कर्जसुद्धा देणार. एवढं कानावर पडल्यावर भोकरवाडीला घरात बसवेना.

दुपारपर्यंत गावातले सगळे रस्ते बारीक झाले. एकानं आपली रेघ ओट्याच्या पुढं हातभर सरकवली, की समोरचा दीड हात सरकवी. सांजच्याला काही बोळांची अशी गत झाली, की दोन्हीकडच्या रेघा पाळून चालायचं तर माणसाला आडवं होऊन चालावं लागलं असतं. समाधानचं देवळासमोर सिमेंट-रंगाचं दुकान होतं. त्याच्याकडची चुन्याची पोती दिवस कलायच्या आत संपली आणि मंचरला पाठवलेला टेम्पो रिकामाच परत आला, कारण आजूबाजूच्या गावांनाही तोच भोंगा लागला होता.

या धांदलीत बयाबाई मात्र कमरेवर हात ठेवून आपल्या अंगणात उभी होती. चुना मिळाला नाही याचं तिला फारसं दुःख नव्हतं. मिळाला असता तरी तिनं तो या अंगणात पडू दिला नसता.

त्या अंगणाची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. दोन भावांची दोन घरं, समोरासमोर. थोरल्याची बायको बयाबाई, ती आता एकटी. धाकटा हौशीराम, तोही आता एकटा. पोरं चाकणला नि भोसरीला कंपन्यांत. दोन्ही घरांची पाठ दुसऱ्यांच्या भिंतींना टेकलेली, त्यामुळं मागलं दार नाही. पुढलं एकच दार आणि ते अंगणात उघडणारं. तिथून बोळ, बोळातून गाव. वाटण्या झाल्या तेव्हा भांडीकुंडी वाटली, वासे मोजून घेतले, पण अंगण कोणी मोजलं नाही. हौशीरामच म्हणाला होता, "अंगण वहिनीचं. सारवतंय कोण? मग झालं तर." एवढ्यावर ते अंगण तिचं झालं. कागद नाही, शाई नाही. दर आठवड्याला ती ते शेणानं सारवायची, आणि फाल्गुन लागला की तिथं जुनी लुगडी पसरून कुरडया, पापड्या, सांडगे वाळत घालायची. चुन्याची धूळ कुरडयांवर उडाली तर त्या खाणार कोण? म्हणून चुना नको.

आणि हौशीरामशी बोलून मार्ग काढावा म्हटलं, तर दोघांचा अबोला. तोही साधासुधा नाही, चांगला मुरलेला.

अबोल्याचं कारण हौशीरामच्या कोंबड्या. बयाबाईचा नवरा गेला त्या साली तिनं पहिल्यांदाच एकटीनं कुरडया घातल्या होत्या. डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत सोऱ्या दाबला होता. हौशीरामच्या कोंबड्यांनी त्यातल्या लुगडंभर कुरडया फस्त केल्या. बयाबाई कडाडली, "तुमच्या ह्या कोंबड्या एक दिवस माझं घर खातील, घर!" हौशीराम दुःखातच होता, भाऊ त्याचाही गेला होता. पण तोंडाला लगाम कधी नव्हताच. तो म्हणाला, "खाऊ द्या. त्यांचंच पोट बिघडंल." झालं. त्या दिवसापासून वहिनी-भावजी बंद.

पण एका अंगणात दोन दारं असली की न बोलून भागतं थोडंच? म्हणून दोघं हौशीरामच्या म्हशीमार्फत बोलायची. म्हशीचं नाव मैना. ती अंगणाच्या कडेला, हौशीरामच्या भिंतीला बांधलेली असायची.

"मैना, सांग तुज्या मालकाला, गॅसवाला येऊन गेला म्हणावं. टाकी माज्याकडं ठिवलीय."

"मैना, म्हणावं कळलं. आन् नळाला पाणी आलंय, हंडा लावा म्हणावं."

मैना रवंथ करत दोन्हीकडचं ऐकून घ्यायची. भोकरवाडीत सरपंचालासुद्धा एवढे निरोप येत नसतील. गाव हसायचं, पण दोघांनाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

तर चुना नाही, आणि हद्द तर आखायला पाहिजे. बयाबाईचं माहेर घाटघरचं, नाणेघाटाजवळचं, भाताचं. तिथं सणाला दारापुढं तांदळाच्या पिठाच्या रेघा ओढतात. तिला वाटलं, पांढरं ते पांढरं. वरून बघणाऱ्याला काय कळणार चुना की तांदूळ? भावानं पाठवलेल्या तांदळातले पायलीभर घेऊन ती गिरणीवर गेली, बारीक दळून आणलं, आणि दिवेलागणीच्या आत चिमटीनं अशी सरळ रेघ ओढली की बघत राहावं. तिच्या भिंतीपासून निघून अंगणाला वळसा घालून परत भिंतीशी. हौशीरामच्या दारापासून बोळापर्यंत मात्र तिनं वाट सोडली, माणूस आणि म्हैस जोडीनं चालतील एवढी. अबोला असला म्हणून काय झालं, माणुसकी आहे.

बोळाच्या तोंडाशी तिला एक जाड चुन्याची रेघ दिसली. हौशीरामच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून थेट तिच्या भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत, अंगणाचं तोंड बंद करणारी. 'हे काय नवीन?' असं तिच्या मनात आलं. पण विचारणार कशी? मैना तेव्हा डोळे मिटून बसली होती.

सकाळी ड्रोन आला. आख्खी भोकरवाडी माना वर करून उभी राहिली. भुणभुण करत तो देवळावरून गेला, शाळेवरून वळला, बयाबाईच्या अंगणावर येऊन जरा घुटमळला आणि पुढं सरकला. बयाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. सरकार फोटो काढतंय म्हटल्यावर उघड्या डोक्यानं कसं उभं राहायचं?

मग तिनं मान खाली घातली.

अंगण स्वच्छ. सारवलेलं, तुळतुळीत, जसं काही आताच कोणी झाडून घेतलंय. रेघेचा ठिपकादेखील उरला नव्हता. मधोमध हौशीरामची तुरेवाली कोंबडी जमिनीला चोच पुसत उभी होती आणि बाकीच्या तिच्या मागं, पंगत उठल्यावर निवांत रेंगाळतात तशा.

बयाबाईनं झाडू फेकून मारला. पण ड्रोन तोवर पार गावकुसाबाहेर गेला होता.

पुढं बरेच दिवस काही झालं नाही. मग एकदा समाधान धावतपळत आला. तो ग्रामपंचायतीचा सदस्यही होता, त्यामुळं गावातली प्रत्येक वाईट बातमी आधी त्याच्याकडं यायची. पंचायतीच्या भिंतीवर कच्चा नकाशा लागला होता. बयाबाई चष्मा घेऊन गेली. नकाशात तिचं घर होतं. त्याला नंबर होता, शेजारी तिचं नाव होतं, चांगलं पूर्ण नाव, कुणाच्या नावाखाली न दडलेलं. ते बघून तिला क्षणभर इतकं बरं वाटलं, की बाकीचं वाचायलाच नको असं झालं. शेत आधी सासऱ्याच्या, मग नवऱ्याच्या, मग पोराच्या नावावर. उभ्या जन्मात तिच्या एकटीच्या नावाची कागदावर आलेली ही पहिली वस्तू.

"काकू, पण अंगण बघा," समाधान खालच्या आवाजात म्हणाला.

अंगण हौशीरामच्या नंबरात होतं. बोळाच्या तोंडाची ती जाड रेघ ड्रोननं इमानेइतबारे धरली होती, आणि रेघ हौशीरामनं मारलेली म्हणून मोजणीवाल्यांनी आतलं सगळं त्याच्या घराला जोडून टाकलं होतं.

"मंजी माझं दार…" बयाबाई अडखळली.

"तुमचं दार काकांच्या जागेत उघडतंय," समाधान म्हणाला. "उद्या त्यांनी मनात आणलं तर तुमाला घराबाहेर पडायलाबी त्यांना इचारावं लागंल. त्यांनी न्हाई आणलं तर त्यांची पोरं आणतील. जागेला भाव आलाय काकू."

बयाबाई तडक घरी आली. माणसानं शब्द दिला, शब्दावर तिनं अंगण इतकी वर्षं सारवलं, आणि आता एक चुन्याची रेघ ओढून त्यानं ते गिळलं? कोंबड्यांनी तिची हद्द खाल्ली, त्या मुक्या होत्या. पण हा? तिला राग आला, मग रडू आलं, आणि मग रडू आलं याचा जास्त राग आला. अंगण गेलं तर राहतं काय? चार भिंती आणि अंधार. तिचं सगळं आयुष्य त्या अंगणातच झालं होतं. सून म्हणून ती त्या अंगणातच उतरली होती, पोरं तिथंच रांगली होती, नवऱ्याला तिथूनच उचललं होतं.

तिनं समाधानकडून हरकतीचा अर्ज लिहून घेतला. मैनाला काही सांगितलं नाही.

मग ती हौशीरामवर नजर ठेवू लागली. आणि तिला दिसलं ते काही चांगलं दिसेना. पूर्वी तो अंगणातून खुशाल मधोमध जायचा, आता भिंतीला घासून जायला लागला. 'पावलांनी जागा मोजतोय,' ती म्हणाली. पूर्वी कोंबड्या मोकाट असायच्या, आता दिवसभर डालग्याखाली कोंडलेल्या. 'मालक झाला ना, आता आपलं अंगण घाण नको.' दोन-तीनदा तो मैनाजवळ येऊन उभा राहिला, तोंड उघडलं, खाकरला आणि मैनाच्या पाठीवर थाप मारून निघून गेला. 'शब्द फुटंल कसा? चोराला?' बयाबाईनं मनातल्या मनात त्याला फाडून खाल्लं. तोंडानं ती काही बोलायची नाही, अबोला होता ना.

चौकशीच्या दिवशी भूमी अभिलेखच्या यशोधरा मॅडम आल्या. वयानं लहान, डोक्याला उन्हाचा रुमाल, हातात टॅब, बरोबर टेप धरायला एक माणूस. सकाळपासून भोकरवाडीच्या हातभर-दीड हाताच्या रेघांनी त्यांचं डोकं उठलं होतं. बयाबाईच्या अंगणात त्या आल्या तेव्हा मागून निम्मं गाव आलं. सासऱ्यांच्या वेळची जागा, दोन घरं, वर्षानुवर्षांचा अबोला. एवढी करमणूक कोण सोडतंय?

"आजी, तुमची हरकत काय?"

"अंगण माझं हाय. मी रेघ वढली व्हती."

मॅडमनी टॅबवर फोटो मोठा केला. "इथं तर काहीच नाही."

"कोंबड्यांनी खाल्ली," बयाबाई म्हणाली.

गाव फिदीफिदी हसलं. मॅडमनी टॅब खाली केला. "काय खाल्लं?"

"हद्द. तांदळाच्या पिठाची व्हती. घाटघरच्या आंबेमोहराची."

आता मॅडमनाही हसू आवरेना. "आजी, कोंबड्यांनी खाल्लेली हद्द मी नकाशात कशी दाखवू? असं करू, शेजारच्यांचा जबाब घेऊ. ते काय म्हणतात बघू. बाबा, या इकडं."

हौशीराम पुढं आला. टोपी काढली, परत घातली. मग सवयीनं म्हशीकडं वळला. "मैना, म्याडमना सांग…"

"जबाब मला द्यायचा, म्हशीला नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि या आजींच्या समोर द्यायचा. म्हशीमार्फत दिलेला जबाब आमच्या साहेबांना चालायचा नाही."

गाव पुन्हा हसलं. हौशीराम हसला नाही. बयाबाई पदराची गाठ मारत नि सोडत उभी होती. तिला वाटलं, आता हा म्हणणार, अंगण माझं. गावादेखत म्हणणार. आणि आपण काय करणार? कोणाला दाखवणार तो शब्द?

"अंगण वहिनीचं हाय," हौशीराम म्हणाला.

वहिनी. हा शब्द इतक्या वर्षांत तिच्या कानांवर पडला नव्हता. बयाबाईच्या हातातली गाठ तशीच राहिली.

"मग ही चुन्याची रेघ तुम्ही का मारलीत?" मॅडमनी विचारलं.

"बोळ अंगणात घुसू नये म्हणून. ग्रामसेवक म्हणलं, तोंड उघडं ठिवलं तर जागा रस्त्यात जाईल. म्हणून बाहेरची रेघ मी मारली. आतलं वहिनी आखतील. तसं सांगितलं व्हतं मी."

"कुणाला?" बयाबाई फाटकन म्हणाली. किती वर्षांनी ती त्याला सरळ बोलली हे तिच्याही ध्यानात आलं नाही.

"मैनाला. आदल्या दिशी, सांजच्याला. लई मोठ्यांदा सांगितलं."

"कवा? मी कुठं व्हते?"

विचारलं खरं, पण उत्तर तिलाच ठाऊक होतं. त्या वेळी ती गिरणीवर रांगेत उभी होती, हद्दीचं पीठ दळायला.

"आन् नकाशा लागल्यावर?" तिचा आवाज आता फुटला. "तवा का न्हाई बोलला, भावजी? एवढे दिवस माझा जीव टांगणीला लागला."

"आलतो ना बोलायला. दोन-तीनदा आलतो मैनापाशी." हौशीरामनं म्हशीकडं नाही, जमिनीकडं बघितलं. "पर जीभ उचलंना. म्हणलं, वहिनीचं अंगण आपल्या नावावर गेलंय, ही गोष्ट काय जनावराला सांगायची? आन् तुमाला सांगायचं तर तोंड कुठं व्हतं मला? त्या साली जे बोललो ते बोललो. दादा जाऊन महिनाबी झाला नव्हता."

आता गावातलं कोणी हसत नव्हतं. समाधाननं उगाच मोबाइल काढून खिशात ठेवला. बयाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि या वेळी रडू आल्याचा तिला अजिबात राग आला नाही.

मॅडमनी टॅब काखेत धरला. त्यांच्या पिशवीत थोडा चुना होता. "ठीक आहे. मग दोघांच्या समक्ष नवी खूण करू. बाबा, हद्द तुम्हीच दाखवा."

हौशीरामनं चुना घेतला, वाकला आणि रेघ ओढत निघाला. बयाबाईच्या भिंतीपासून बोळाच्या कडेनं, तिथून वळून आपल्या भिंतीलगत, म्हशीच्या खुंट्याला वळसा घालून थेट आपल्या उंबऱ्याला लावून. उंबऱ्याच्या बाहेर त्यानं बोटभर जागा ठेवली नाही.

"बाबा, थांबा," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला दुसरं दार आहे का?"

"न्हाई."

"अहो, मग वाटेपुरती जागा तरी राहू द्या."

"वाट मी सोडली व्हती म्याडम," बयाबाई घाईनं म्हणाली. "माणूस नि म्हैस जाईल एवढी. ती राहू द्या त्यांना."

"नको," हौशीराम म्हणाला.

"नको कसं? अंगण आजींच्या नावावर गेल्यावर तुम्ही घराबाहेर पडणार कसे?"

हौशीराम सरळ उभा राहिला. हाताचा चुना धोतराला पुसला.

"इचारून," तो म्हणाला.

मॅडमना ते कळलं नाही. बयाबाईला कळलं. वाट नावावर असली की माणूस मुकाट्यानं जातो नि मुकाट्यानं येतो. या माणसाला आता मुकाट्यानं जायचं नव्हतं. मॅडमनी तरीही टॅबवर वहिवाटीच्या हक्काचा शेरा टाकला, कारण विचारून जाणं हा प्रकार कायद्यात बसत नव्हता. मग दोघांच्या सह्या घेऊन त्या पुढच्या घरी भांडण ऐकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बयाबाई अंगणात लुगडं पसरून बसली होती. सोऱ्यात चीक भरला, पहिली कुरडई घातली. समोरचं दार वाजलं. हौशीराम दुधाची किटली घेऊन उंबऱ्यात उभा होता, अंघोळ करून, टोपी नीट बसवून. पाय त्यानं बाहेर टाकला नव्हता. बोळाच्या पलीकडं डेअरीची गाडी हॉर्न देत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "जाऊ का?"

बयाबाईनं दुसरी कुरडई घातली. सावकाश, गोल, पुरी. मग तिसरी घातली. गाडीनं पुन्हा हॉर्न दिला. हौशीराम उभाच. त्याला घाई नव्हती, आणि बयाबाईला तर मुळीच नव्हती. किती वर्षांची विचारपूस साठली होती, एका सकाळीत ती संपवायची म्हणजे काय?

"जावा," ती शेवटी म्हणाली. "पर माघारी येताना सरळ घरात शिरू नका. च्या टाकते."

हौशीराम उंबरा ओलांडून निघाला, लुगड्याला लांबून वळसा घालत, पाहुण्यासारखा जपून पाय टाकत. किटलीचा धक्का लागून दारातलं डालगं लवंडलं होतं. त्याच्या मागून एकेक करून कोंबड्या बाहेर आल्या आणि थेट कुरडयांकडं निघाल्या. त्यांनी मात्र कोणालाही काही विचारलं नाही.